एमएसडब्ल्यू करू, समुपदेशक होऊ की एमपीएससीला बसू?

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

मी २२ वर्षांची आहे. तालुक्याच्या कॉलेजातून मानसशास्त्र घेऊन यंदा बी.ए. झाले. मैत्रिणी, शेजारच्या काकू, अगदी बसमध्ये भेटलेल्या बायकासुद्धा माझ्याशी मोकळेपणानं बोलतात, आणि मला ते आवडतं. लोकांसाठी काहीतरी करायचं, एवढं पक्कं आहे. पण नेमकं काय, तिथे गाडी अडते. बाबा म्हणतात, "लोकांचं भलं करायचंय ना? मग एमपीएससी दे, अधिकारी हो आणि कर." कॉलेजच्या सरांनी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, सुचवलं. त्यावर मामा म्हणाला, "पैसे भरून समाजसेवा शिकायची? ती तर फुकट करायची गोष्ट!" आणि मोबाइलवर रोज एक जाहिरात येते: सहा महिन्यांत घरबसल्या प्रमाणित समुपदेशक व्हा, फी हप्त्यानं भरा. घरची परिस्थिती बेताची आहे. दोन-तीन वर्षांत कमवायला लागायलाच हवं. यातलं काय निवडू?

— गोंधळलेली

उत्तर

आधी त्या जाहिरातीचं बघू, कारण तुझे पैसे बुडण्याची शक्यता तिथेच सगळ्यात जास्त आहे.

सहा महिन्यांच्या ऑनलाइन प्रमाणपत्रानं कोणी समुपदेशक होत नाही. ओळख म्हणून, आवड आहे की नाही ते पाहण्यासाठी असा एखादा कोर्स करायला माझी हरकत नाही, पण मग तो स्वस्तातला कर. हप्ते बांधून घेऊ नकोस. जाहिरातीतल्या 'प्रमाणित' या शब्दावर भुलू नकोस. प्रमाणपत्र कोण देतंय, ते बघ. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी लागते. त्यासाठी १९९२चा कायदा आहे. साध्या 'समुपदेशक' या नावाला आजवर तसं कुंपण नव्हतं, म्हणून तर अशा जाहिरातींचं पीक आलं. पण वारं बदलतंय. २०२१मध्ये आरोग्यक्षेत्रातल्या संलग्न व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, वैद्यकीय आणि मनोचिकित्सा सामाजिक कार्यकर्ते हे सगळे आले आहेत. पाठोपाठ २०२५मध्ये यूजीसीनं मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी अभ्यासक्रमच बंद करायला सांगितले. जिथे घरबसल्या एम.ए. चालेनासं झालं, तिथे घरबसल्या सहा महिन्यांचं काय होणार, तूच विचार कर.

पण नियम बाजूला ठेवला तरी माझा आक्षेप राहतोच. समज, तू शाळेत समुपदेशक आहेस. नववीतली मुलगी दार लोटून येते, बराच वेळ ओढणीचं टोक पिळत बसते आणि विचारते, "मॅडम, तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?" तू काय म्हणशील? मन भरून येऊन "नाही गं, कुणालाही नाही" म्हणालीस की तू अडकलीस. कारण पुढच्या वाक्यात ती काकाचं नाव घेते, आणि मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी गोष्ट कळलेल्या प्रत्येकाला ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. शिकलेला समुपदेशक हे आधीच, पहिल्याच भेटीत सांगून ठेवतो: इथलं बोलणं इथेच राहील, पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा तुला कोणी इजा करत असेल, तर मला सांगावं लागेल, कुणाला आणि कसं, ते आपण मिळून ठरवू. हे वाक्य तोंडात बसायला कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करावं लागतं. चुकीच्या वेळी बोललं तर मुलगी मिटते, बोललंच नाही तर तिचा विश्वास मोडतो. व्हिडिओ बघून हे येत नाही.

आता तुझ्या त्या वाक्याकडे येते, 'लोक माझ्याशी मोकळेपणानं बोलतात'. हे भांडवल आहे, नाही म्हणत नाही. पण मैत्रीण ऐकते आणि समुपदेशक ऐकतो, यात बरंच अंतर आहे. मैत्रिणीला तू "सोडून दे त्याला" म्हणू शकतेस, रात्री अकराला फोन घेऊ शकतेस, तिच्या नवऱ्यावर चिडू शकतेस. समुपदेशनात यातलं जवळपास काहीच नसतं. वेळ संपली की वेळ संपली. समोरची बाई पुन्हा त्याच घरी जाते, कदाचित आठवडाभरानं येते, कदाचित येतच नाही, आणि पुढे काय झालं ते तुला कधी कळत नाही. खोलीतल्या एका माणसाबरोबर, फार हळू, उत्तरं न देता काम करत राहणं तुला जमेल का? ज्यांना मदत करण्याची घाई असते त्यांना हे काम छळतं. तुझ्या पत्रात मला ती घाई दिसते. तो दोष नाही. त्या घाईचं काम वेगळं असतं, एवढंच. त्याबद्दल पुढे बोलू.

तरीही समुपदेशनच करायचं ठरलं, तर वाट सरळ आहे, फक्त लांब आहे. रीतसर वर्गात बसून मानसशास्त्रात एम.ए., तेही जिथे प्रात्यक्षिक आणि इंटर्नशिप खरोखर होते अशा ठिकाणी. क्लिनिकलकडे जायचं तर त्यापुढे आरसीआयमान्य अभ्यासक्रम. आतापर्यंत त्यासाठी दोन वर्षांचं एम.फिल. होतं. देशभर एम.फिल. बंद होत असताना क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना २०२५-२६पर्यंत मुभा मिळाली. म्हणजे तू तिथे पोचशील तेव्हा अभ्यासक्रमाचं नाव आणि रूप दोन्ही वेगळी असतील. आरसीआयच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. प्रवेश घेताना तीच प्रमाण मान, कॉलेजचं माहितीपत्रक नाही. नोकऱ्या म्हणशील तर सीबीएसईच्या शाळांना समुपदेशक ठेवावा लागतो. सरकारी रुग्णालयांत एचआयव्ही तपासणीच्या आयसीटीसी केंद्रांवर समुपदेशक असतात, किशोरवयीनांसाठीच्या क्लिनिकमध्ये असतात. २०२२पासून सुरू झालेल्या टेलिमानस हेल्पलाइनवर, म्हणजे १४४१६ वर, असतात. स्वतःची प्रॅक्टिस हा मात्र दोन-तीन वर्षांत घर चालवण्याचा मार्ग नाही, लहान गावात तर नाहीच. शहरातले लोकसुद्धा आधी नोकरी धरतात आणि संध्याकाळी दोन-चार जणांना भेटतात.

आता मामा. मामांना दुखवू नकोस, पण त्यांचं म्हणणं फार जुनं आहे. आपल्याकडे पगारी, शिकलेला समाजकार्यकर्ता हवा, हे १९३६मध्येच कुणीतरी ओळखलं होतं. मुंबईत नागपाड्याच्या वस्तीत क्लिफर्ड मॅनशार्ट हे काम करत होते. त्यांच्या पुढाकारानं टाटा ट्रस्टनं समाजकार्याची शाळा काढली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था, टिस. दहा वर्षांनी, १९४६मध्ये, जे. जे. रुग्णालयात पहिली वैद्यकीय सामाजिक कार्यकर्ती नेमली गेली. त्या पदाचं काम काय असतं ते एकदा जवळून बघ, म्हणजे 'फुकट करायची गोष्ट' म्हणजे काय आणि हे काय, यातला फरक मामांना सांगता येईल.

सरकारी रुग्णालयातला कुठलाही वॉर्ड घे. पंचेचाळिशीचा माणूस, मांडीचं हाड मोडलेलं, शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी डिस्चार्जवर सही केली. पण न्यायला कोणी नाही. केसपेपरवर पत्ता अर्धवट, फोन नंबर एका ठेकेदाराचा, आणि तो उचलत नाही. खाट अडलेली आहे म्हणून सिस्टर वैतागलेल्या. केस समाजसेवा विभागाकडे येते. तिथली बाई आधी त्याच्याजवळ बसून गावाचं, तालुक्याचं, पोलीस पाटलाचं नाव काढते. ठेकेदाराला तिसऱ्या नंबरवरून फोन लावते. रेशनकार्ड गावाकडे आहे, त्याचा फोटो मागवते, कारण महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसवायचं तर कागद लागतो. पुढची शस्त्रक्रिया धर्मादाय रुग्णालयात करायची झाली, तर तिथल्या दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात, हे तिला पाठ असतं. तिथल्या कोणत्या टेबलावर कोणता अर्ज द्यायचा, हेही. मग बायकोला फोन. तिकडे वेगळीच कथा निघते: चार वर्षांपूर्वी तो घर सोडून गेलेला, तिला तो परत नको आहे. आता? बायकोवर दबाव आणायचा नाही, माणसाला रस्त्यावर सोडायचं नाही, आणि संध्याकाळपर्यंत खाट रिकामी करायची. यातलं कुठलंही काम नुसत्या चांगुलपणानं होत नाही. कायदा, योजना, माणसं वाचण्याची सवय आणि चिवटपणा, हे सगळं एकाच वेळी लागतं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत या पदाला समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) म्हणतात, आणि त्याला सरकारी वेतनश्रेणी असते.

मी मघाशी घाईबद्दल म्हणाले ते हेच. ज्याला ऐकता ऐकता हात-पाय हलवावेसे वाटतात, फोन उचलावासा वाटतो, त्याच्यासाठी समाजकार्य आहे.

एमएसडब्ल्यू दोन वर्षांचं, कुठल्याही शाखेचा पदवीधर करू शकतो. कॉलेज निवडताना इमारत, प्लेसमेंटचे फलक यांकडे बघू नकोस. एकच चौकशी कर: फील्डवर्क कसं होतं? आठवड्यातले दोन दिवस विद्यार्थी खरंच संस्थेत, वस्तीत, रुग्णालयात असतात, की सह्या गोळा करून अहवाल लिहितात? आयसी, म्हणजे शिक्षकानं एकेका विद्यार्थ्याला समोर बसवून त्याच्या फील्डवर्कवर केलेली चर्चा, नेमानं होते का? शेवटचं ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे एकाच संस्थेत सलग राहून केलेलं काम, कुठे मिळतं? हे प्रश्न प्राचार्यांना विचारून उपयोग नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना कॅन्टीनमध्ये गाठून विचार. व्यक्तिसहाय्य, गटकार्य, समुदाय संघटन हे शब्द पुस्तकात सगळीकडे सारखेच असतात, कॉलेजांतला फरक फील्डवर्कमध्ये पडतो. महाराष्ट्रात मुंबईचं निर्मला निकेतन १९५५पासून आहे, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था १९६३पासून. टिसचा मुंबईशिवाय तुळजापूरलाही परिसर आहे आणि तिथला प्रवेश सीयूईटी-पीजी या परीक्षेतून होतो. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातही एमएसडब्ल्यूची कॉलेजं पुष्कळ आहेत. त्यातली काही फार चांगली आहेत, काही फक्त नावाला. नाव मोठं आहे म्हणून कर्ज काढून लांब जाण्यापेक्षा, जवळच्या अनुदानित कॉलेजात फील्डवर्क चोख असेल तर मी तेच घेईन. तुझ्या परिस्थितीत तर नक्कीच.

विशेषीकरणाचं फार डोकं लावू नकोस, पण तुझं मानसशास्त्र वाया जाऊ द्यायचं नसेल तर वैद्यकीय व मनोचिकित्सा किंवा कुटुंब व बालकल्याण हे दोन तुझ्या जवळचे. इथे एक गोष्ट तुझ्या सरांनी कदाचित सांगितली नसेल: एमएसडब्ल्यू केल्यावर समुपदेशनाचं दार बंद होत नाही, उलट काही दारं उघडतात. कौटुंबिक न्यायालयांतले विवाह समुपदेशक घे. १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानंच ते पद आलं आणि महाराष्ट्रात तिथे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेले लोक असतात. मानसिक आरोग्याच्या २०१७च्या कायद्यात सायकियाट्रिक सोशल वर्करची व्याख्याच समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचं एम.फिल. अशी आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मनोविकारतज्ज्ञाबरोबर तो असतोच. आणि अवयव प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयांना समन्वयक ठेवावा लागतो, मेंदूमृत रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलणारा. त्या पदासाठीही समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला पसंती असते.

मला स्वतःला महाराष्ट्रातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षाचं काम. १९८४मध्ये टिसनं मुंबई पोलीस आयुक्तालयात ते सुरू केलं, आज ते जिल्ह्याजिल्ह्यांत आहे. कल्पना साधी: मार खाऊन आलेली बाई पोलीस ठाण्यातच येते, तर समाजकार्यकर्ती तिथेच बसलेली हवी. टेबल पोलिसांच्या आवारात, पण काम पोलिसांचं नाही. कार्यकर्ती बाईला विचारते, "तुला काय हवंय?" तक्रार नोंदवायची आहे, नवऱ्याला बोलावून समज द्यायची आहे, दागिने परत हवेत, की आज रात्री झोपायला जागा हवी? बहुतेक वेळा हा प्रश्न तिला त्याआधी कुणी विचारलेलाच नसतो. सगळे फक्त सांगत असतात. लोक तुझ्याशी बोलतात म्हणतेस ना, ते कौशल्य इथे धार लावून वापरलं जातं.

पैशाचं लपवून ठेवत नाही. या क्षेत्रात दोन जगं आहेत, कायम नोकऱ्यांचं आणि कंत्राटी नोकऱ्यांचं, आणि जाहिरातीत दोन्ही सारखीच दिसतात. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचं उदाहरण देते. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ता या पदांना महिना १८,५३६ रुपये मानधन आहे, संरक्षण अधिकाऱ्याला २७,८०४. दोन्ही कंत्राटी. काम मात्र पूर्ण जबाबदारीचं: रात्री सापडलेलं मूल, बालकल्याण समितीपुढची सुनावणी, बालविवाह थांबवायला धावणं, सगळं. 'उमेद' हे ग्रामीण जीवनोन्नती अभियान, आयसीटीसी, हिंसा सोसलेल्या बायकांसाठीचं सखी वन स्टॉप सेंटर यांतल्याही बहुतेक जागा कंत्राटीच. निधी केंद्राकडून उशिरा आला की मानधन लटकतं. म्हणून कुठलीही जाहिरात वाचताना पदाच्या नावाआधी तीन गोष्टी वाच: कायम की कंत्राटी, कोणत्या योजनेखाली, आणि पगार सरकार देणार की मधली एखादी एजन्सी. एजन्सी असेल तर हातात किती पडतात ते तिथे आधीपासून काम करणाऱ्याला विचारून घे.

कायम पदंही आहेत: समाजसेवा अधीक्षक, महिला व बालविकास विभागातले परिविक्षा अधिकारी, समाजकल्याण निरीक्षक, वसतिगृहांचे गृहपाल. जागा कधीतरी निघतात, निघाल्या की अर्जांचा पाऊस पडतो. त्यांची परीक्षा सरळसेवेची, म्हणजे त्या-त्या पदाच्या थेट भरतीची, असते. दोन-चार पदांची पात्रता तपासून बघ, काही ठिकाणी कुठलीही पदवी चालते, काही ठिकाणी समाजकार्याचीच लागते. जिथे समाजकार्याचीच लागते, तिथे रांग लहान असते. मामांना पटण्यासारखा हिशोब हाच आहे.

कारखाने आणि कंपन्यांचं थोडक्यात सांगते, कारण मला वाटत नाही तुझा ओढा तिकडे आहे. १९४८च्या कारखाना कायद्यानं ५०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला होता. नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत ही मर्यादा २५०वर आली, म्हणजे अशा जागा वाढायला वाव आहे. आणि २०१३च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले, त्यातून सीएसआरच्या नोकऱ्या आल्या. पगार इथे सगळ्यात बरा असतो. पण दिवसातला बराच वेळ एक्सेलमध्ये आणि सादरीकरणात जातो, हे माहीत असू दे.

आता बाबा. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, अर्धवट आहे. अधिकाऱ्याच्या एका सहीनं जे होतं ते कार्यकर्त्याच्या वर्षभराच्या धडपडीनं होत नाही, हे खरंच. पण तहसीलदाराच्या दिवसात निराधार योजनेची प्रकरणं असतात तशीच वाळूची कारवाई, निवडणुकीचं काम, जमिनीचे फेरफार, मंत्र्यांचा दौरा आणि मोर्चाचं निवेदनही असतं. 'लोकांचं भलं' त्यातल्या काही तासांत बसवावं लागतं. तुझ्या कलाला जवळची पदं वेगळी: बाल विकास प्रकल्प अधिकारी, समाजकल्याण किंवा महिला-बालविकासमधली पदं. बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या हाताखाली सगळ्या अंगणवाड्या असतात. कुठल्या पाड्यावर वजनकाटा बिघडलाय आणि कुठल्या सेविकेचं मानधन अडलंय, हे ज्याला महत्त्वाचं वाटतं त्यानं त्या खुर्चीत बसावं.

परीक्षेचं स्वरूपही समजून घे. २०२५पासून एमपीएससीच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे: नऊ पेपर, गुणवत्तेला धरले जाणारे १,७५० गुण, वर मुलाखतीचे २७५. पर्याय खुणावून सुटका नाही, लिहावं लागतं. खुल्या प्रवर्गाला वयाची अट ३८, मागास प्रवर्गाला ४३. ही अट उदार आहे, आणि मला भीती तिचीच वाटते. 'अजून वय आहे' म्हणत म्हणत अभ्यासिकेत तिशी गाठलेली मुलं-मुली प्रत्येक जिल्ह्यात आहेत. दोन-तीन वर्षांत कमवायचं आहे असं तू स्वतः लिहितेस. मग फक्त एमपीएससी हा एकमेव बेत तुझ्यासाठी नाही. आधी पाय टेकवायला जमीन, मग उडी.

तेव्हा मी तुझ्या जागी असते तर हे करते: एमएसडब्ल्यू, जवळच्या आणि फील्डवर्क चांगलं असलेल्या कॉलेजात. दोन वर्षांत मुलाखती, सुनावण्या, गृहभेटी, अहवाल हे सगळं हाताखालून गेलेलं असेल, आणि समुपदेशन की समाजकार्य हा प्रश्न आपोआप सुटलेला असेल. दुसऱ्या वर्षापासून सरळसेवेचा अभ्यास सुरू. सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण दोन्हीकडे उपयोगी पडतं. नोकरी मिळाली, कंत्राटी का होईना, की ती धरून राज्यसेवेचे दोन प्रयत्न, आणि ते दोन आहेत हे बाबांनाही आधीच सांगून ठेवायचं. नोकरी करत लिहिलेली उत्तरं कमी पाठ केलेली असतात. कुपोषणावरच्या प्रश्नाला ज्यानं अंगणवाडीचं रजिस्टर चाळलंय त्याचं उत्तर वेगळं उतरतं.

एमएसडब्ल्यूलाही लगेच उडी नको वाटत असेल, तर एक वर्ष फेलोशिपमध्ये घालवता येतं. एसबीआय यूथ फॉर इंडिया ही १३ महिन्यांची, खेड्यात राहून करायची. गडचिरोलीच्या 'सर्च' या संस्थेची 'निर्माण' ही शिबिरांची मालिका २००६पासून चालू आहे आणि ती खास तुझ्यासारख्या गोंधळलेल्यांसाठीच आहे. मुख्यमंत्री फेलोशिपला वय २१ ते २६ आणि थोडा अनुभव लागतो, त्यामुळे ती पुढच्यासाठी ठेव. फेलोशिपचं मानधन तुटपुंजं असतं, पण राहण्या-जेवण्यापुरतं होतं आणि घरून पैसे मागवावे लागत नाहीत.

एक इशारा द्यायचा राहिला. हे काम करणारी माणसं दोन-तीन वर्षांत करपतात, आणि सगळ्यात आधी करपतात ती तुझ्यासारखी, ज्यांना 'नाही' म्हणता येत नाही. बसमधल्या बाईचंही ऐकून घेणारी मुलगी उद्या रात्री दोनला पक्षकाराचा फोन घेते, घरी कुणाशी बोलत नाही, आणि एक दिवस सगळ्यांवरच खेकसायला लागते. म्हणून पहिली नोकरी निवडताना पगाराइतकंच हे विचार: माझ्या केसेसवर माझ्याशी बोलायला वरिष्ठ कोण असेल, आणि आठवड्यातून किती वेळ? मुलाखत घेणाऱ्याला हा प्रश्न समजलाच नाही, तर त्या संस्थेबद्दल बरंच काही कळलं.

या महिन्यात करायचं ते एवढंच. तुमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयाचा समाजसेवा विभाग असेल, विशेष कक्ष असेल, बाल संरक्षण कक्ष असेल. तिन्हींकडे जा. सकाळी अकराच्या सुमाराला जा, कामाची गर्दी असते तेव्हा. "मी एमएसडब्ल्यू करायचा विचार करतेय, दोन-तीन दिवस इथे बसून बघू का?" असं सरळ विचार. काही ठिकाणी नाही म्हणतील, कारण गोपनीयतेचा प्रश्न असतो आणि त्यांचं बरोबर असतं. तिथे निदान कार्यकर्त्याशी अर्धा तास बोलून ये. टिससाठी प्रयत्न करायचा असेल तर सीयूईटी-पीजीचे अर्ज हिवाळ्यात निघतात आणि परीक्षा मार्चच्या आसपास होते. स्थानिक कॉलेजांचे प्रवेश पदवीचे निकाल लागले की उन्हाळा-पावसाळ्याच्या सांध्यावर. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज करताना जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो, त्यातला उत्पन्नाचा ताजा हवा. तो तहसील कार्यालयातून काढून घ्यायचं काम आजच बाबांवर सोपव.